चिंधीचा डबा

बाबा : दवाखान्यातून तुझा फोन आला, तेव्हाही ही मांजर इथंच होती. आईच्या शिलाई मशीनखाली, पायडलला टेकून. आई गेली असं तू म्हणालीस आणि मला कळेना, आता हे कुणाला सांगायचं. घरात ही एकटीच. म्हटलं, चिंधे, गेली गं ती. तर हिनं कानसुद्धा हलवला नाही.

मुलगी : आणि तेव्हापासून इथंच?

बाबा : खायला तेवढी उठते. खाते कसली, वाटीला तोंड लावते. माझ्यासारखंच.

मुलगी : म्हणून तर ही पिशवी भरून आणलीय. दुकानातली बाई म्हणाली, घरातल्या घरात राहणाऱ्या मांजराला शिकारीचा खेळ लागतो. दबा धरायचा, झडप घालायची, पकडायचं. खेळणं नुसतं पुढ्यात टाकून चालत नाही, आपण हलवावं लागतं.

बाबा : म्हणजे या वयात मी उंदीर व्हायचं.

मुलगी : व्हा थोडा वेळ. आणि उंदीर आणलाय मी, किल्लीचा. सोडा बघू.

बाबा : पळतोय खरा. गेला, भिंतीला धडकला. हिनं एक डोळा उघडला बघ. मिटला.

मुलगी : बरं, ही पिसांची काठी घ्या. जमिनीवरून सरपटत न्यायची. अहो, असं नाही! माश्या हाकलताय का?

बाबा : मग तूच कर.

मुलगी : चिंधू... ए चिंधू... पाखरू आलं बघ. चिंधू!

बाबा : पाठ फिरवली. आईवर गेलीय तुझ्या. नको म्हणजे नको.

मुलगी : आता हा घुंगराचा चेंडू उरला.

बाबा : वाजतो?

मुलगी : ऐका.

बाबा : कान हलला! पाहिलंस? कान हलला तिचा.

मुलगी : हलला, पण उठली कुठे? बाबा, मी स्पष्टच बोलते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, अशी पडून राहिली तर हाय खाईल. आज नाही खेळली तर मी तिला घेऊन जाते. आमच्याकडे पोरं आहेत, दिवसभर नाचवतील.

बाबा : ने की. मी कोण तिचा? ते आईचं मांजर.

मुलगी : तोंडानं ने म्हणताय आणि न्यायच्या टोपलीवर मघापासून हात ठेवून बसलाय.

बाबा : संध्याकाळी घरात काहीतरी हललं पाहिजे गं. एवढंच.

मुलगी : मग आठवून सांगा. आई काय खेळायची तिच्याशी?

बाबा : काही नाही. तिला कुठला वेळ? दिवसभर लोकांचे कपडे. संध्याकाळी मी आत रेडिओ लावून बसायचो आणि इथून नुसती खडखड. डब्यात काहीतरी नाचतंय. मी ओरडायचो, अगं बातम्या ऐकू दे! मग मुद्दाम आणखी खडखड. आणि हसणं.

मुलगी : कुठल्या डब्यात?

बाबा : तो नाही का, बिस्किटांचा, पत्र्याचा. बॉबिन भरताना रीळ त्यात टाकायची आणि दोरा झाकणातल्या भोकातून वर घ्यायची. भोक मीच पाडून दिलं होतं खिळ्यानं. दोरा गुंततो म्हणाली.

मुलगी : गुंतत नव्हता. चिंधीनं एकदा दोरा गिळला होता, तेव्हा आईनं ती युक्ती काढली. रीळ आत नाचायचं आणि ही बाहेरून पंजे मारायची.

बाबा : मला नाही बोलली.

मुलगी : तुम्ही म्हणाला असता, सोडून ये ते मांजर.

बाबा : म्हणालो असतो.

मुलगी : मग ठेवा तो चेंडू. बसा मशीनवर, बॉबिन भरा.

बाबा : नाही. मशीनला हात लावायचा नाही.

मुलगी : का पण?

बाबा : सुईखाली बघ काय आहे. माझा निळा शर्ट. कॉलर झिजली होती, उलटून लावत होती. अर्धी शिवली आणि म्हणाली, जरा पडते. आता मी पायडल मारलं की पुढची शिलाई माझी. तिची शेवटची कुठली, ते कळायचं नाही.

मुलगी : बाबा, सुई नाही हलणार.

बाबा : चाक फिरलं की सुई हलतेच.

मुलगी : चाकाच्या मधली ही चकती ढिली केली की नुसतं चाक फिरतं. बॉबिन भरताना आई हेच करायची. शाळेतून आले की चकती ढिली करायचं काम माझं. या. रीळ टाकलं डब्यात. मारा पाय. हळू, तिचं शेपूट आहे तिथं.

(पायडलची करकर. डब्यात रीळ खडखडू लागतं.)

बाबा : उठली.

मुलगी : बोलू नका. पाय चालू ठेवा.

बाबा : दबा धरतेय. बूड कसं हलवतेय बघ!

मुलगी : मारली झडप! अगं बये, डबा पाडशील.

बाबा : पाडू दे. हे बघून हसायची होय ती. मला आत बसून वाटायचं, रेडिओला हसते.

मुलगी : भरली बॉबिन. थांबा आता.

बाबा : दुसरी दे.

मुलगी : आणि टोपली?

बाबा : माळ्यावर टाक. तो उंदीर ने पोरांना.

मुलगी : शर्ट काढू का? उरलेली कॉलर मी लावून देते.

बाबा : नको. असू दे सुईखाली. अर्धी कॉलर तिची लावायची राहिलीय.