फुकटचा रस्सा

दक्षिण कोरियातल्या बुसानच्या आरोग्य केंद्रात, खाद्यविक्रीला लागणाऱ्या आरोग्य दाखल्यासाठी बायकांची रांग होती. खाद्यगाडी देणाऱ्या संस्थेचा कोरा अर्ज मांडीवर घेऊन ह्ये-रान बाकावर बसली होती. शेजारी दोन गाडीवाल्या बोलत होत्या.

"माल-सूनताई, नवी गाडी काय झकास आहे हो! काच, नळ, वर तुमचा हसरा फोटो!"

"संस्थेची कृपा. पालिकेची माणसं आता गाडी उचलत नाहीत, उलट नमस्कार घालतात."

"मग तोंड का उतरलंय?"

"रस्सा बंद करायला लावला गं."

"फुकटचा? माशाच्या वड्यांबरोबर तो सगळेच देतात की!"

"उघड्या पातेल्यातून ज्यानं त्यानं ओतून घ्यायचं नाही म्हणे. 'रस्सा मिळणार नाही' अशी पाटीच लावलीय."

"स्वच्छतेला बरंच ते. आणि उपाशी माणसांना संस्थेची कुपनं आहेतच."

"ती मोबाईलवर. पुठ्ठे गोळा करणाऱ्या आजोबांकडं कुठला आलाय मोबाईल? वडी कधी घेतली नाही त्यांनी. तीन पेले रस्सा प्यायचे, त्यावर दिवस काढायचे."

"मग आता कुठं जातात?"

"सोमवारी गेले. खोलीत तांदळाचा दाणा नव्हता."

"अगं बाई! पण तुमचा काय दोष, ताई? पाटी संस्थेची."

"शेवटचे आले, तेव्हा पेला घरून आणला होता. मी पाटीकडं बोट दाखवलं. तर म्हणाले, पोरी, मला वाचता येत नाही."

ह्ये-रानचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

"मग हो?"

"मग काय? मीच मोठ्यानं वाचून दाखवली."