खिडकीवाला आणि एकेचाळीस सत्तावीस

साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरवर आजवर नुसते सभासद-नंबर दिसायचे. तिथं नंबरासोबत नावही दाखवणारी, माऊसवर चालणारी नवी रंगीत पानं बसवून प्रतीक्षा बारामतीच्या एसटीत बसली. "जुनंच बरं हुतं," असं खिडकीतला कारकून दिवसभर कुरकुरला होता. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"उसाची नोंद झाली का गं?"

"झाली. पर आज येगळंच झालं. म्या नंबर सांगितला, एकेचाळीस सत्तावीस."

"मग?"

"पडद्याकडं बघून म्हनला, या दगडाबाई, बसा."

"आन् आजवर?"

"अकरा वर्सं एकच. एकेचाळीस सत्तावीस, अंगठा करा."

"लाजला असंल."

"त्यो कशाला लाजतोय? लाजले मी."

"तू गं का?"

"मी तरी त्याला खिडकीवालाच म्हनत आले न्हवं? मग इचारलं, लेकरा, तुझं नाव काय?"