शिडीखालची काळी चकती

पुरवणी जबाब

मी, खाली सही करणार, वय ६२ वर्षे, धंदा निवृत्त, पूर्वी लिफ्ट दुरुस्ती, राहणार बेकरीच्या वरचा तिसरा मजला, राहणारे इसम एक. आज शनिवारी सकाळी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो ते येणेप्रमाणे:

प्लॅस्टिकचे तुकडे जोडून बनवायच्या गाड्यांचे खोके मिळतात. ते आणून गाडी जोडायची व मग तिच्यात सुधारणा करायची, हा माझा उद्योग आहे. पुस्तिकेप्रमाणे जोडलेली गाडी दिसायला झकास असते, पण चाके वळत नाहीत की दार उघडत नाही. ते मी करतो. हवालदारसाहेबांनी आधी ‘खेळणी’ असे लिहिले होते, ते मी बदलून घेतले.

मंगळवारी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात गेलो व गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास घरी परतलो. कुलूप शाबूत होते. टेबलावरची लाल अग्निशमन गाडी जागेवरून चार बोटे सरकलेली होती. तिची शिडी डावीकडे अडकत असे. नऊ वर्षे झटूनही मला ते साधले नव्हते. आता ती आवाज न करता पूर्ण गोल फिरली. जिच्यावर शिडी फिरते ती काळी दातेरी चकती गेली होती व तिच्या जागी नवी, राखाडी चकती होती. घड्याळ, रेडिओ, कपाट यांना हात लागलेला नव्हता. ओट्यावर एक कप धुऊन पालथा ठेवलेला होता. मी कप पालथा ठेवत नाही.

त्याच संध्याकाळी मी चोरीची तक्रार दिली. घराची दुसरी चावी कोणाकडे आहे काय, असे विचारले असता ‘नाही’ असे सांगितले. ते खोटे होते. त्याबद्दल काय ते कलम लावावे.

दुसरी चावी माझ्या धाकट्या भावाकडे आहे. तो ट्रक चालवतो. पूर्वी आम्ही एकत्र राहत होतो व एकाच टेबलावर गाड्या जोडत होतो. त्याने चौदा महिने खपून एक क्रेन उभी केली होती. तिला पुस्तिका नव्हती, सगळी त्याच्या डोक्यातली होती. नऊ वर्षांपूर्वी भाऊ लांबच्या फेरीवर असताना माझ्या शिडीला चकती हवी होती, म्हणून मी ती क्रेन मोडली. सगळीच मोडली. परत आल्यावर त्याने टेबलावरचा ढीग पाहिला. मी म्हणालो, “तुकडेच तर आहेत. परत जोड की.” तो सामान घेऊन गेला. चावी त्याने परत दिली नाही व मी मागितली नाही.

ते मी बोलायला नको होते. नऊ वर्षे मला त्या बोलण्याची लाज वाटते. हे त्याला सांगितलेले नाही. तक्रारीशी याचा काय संबंध, असे हवालदारसाहेबांनी विचारले. मी म्हणालो, लिहा.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. दवाखान्यात त्याच सोबत आल्या होत्या. काल सकाळी त्या म्हणाल्या, “फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची जागा तुम्ही कोरी सोडलीत, ते मला बघवलं नाही. मीच फोन केला तुमच्या भावाला, जुना नंबर होता माझ्याकडे. बुधवारी दुपारी आले होते. आधी डोळ्याचं विचारलं, मग आत गेले. तीन तास होते.” “काही बोलला का?” असे मी विचारले. “नाही. बॅटरीचा उजेड पाडून गाडीशी बसले होते,” असे त्यांनी सांगितले.

त्यानंतर मी एका डोळ्याने का होईना, गाडी तळापासून उघडून पाहिली. चकतीच्या खाली, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, एक पिवळा तुकडा बसवलेला आहे. लाल गाडीत मी पिवळा तुकडा लावत नाही. धाकटा प्रत्येक गाडीत आत एक लावायचा. विचारले तर म्हणायचा, “रिकामी गाडी बरी दिसत नाही रे दादा. कुणीतरी बसलेलं असू दे आत.”

करिता माझी तक्रार नाही. चकती भावाची होती, ती त्याने नेली, व माझी शिडी अडू नये म्हणून दुसरी बसवून गेला. प्रकरण मिटले असे भावाला वाटत असेल, तर ते चूक आहे. त्याच्या क्रेनचे आणखी एकशे दहा तुकडे माझ्या गाड्यांमध्ये आहेत. बसच्या दारांत आहेत, रोलरच्या पोटात आहेत. ते मी काढून पाठवणार नाही. त्याचे त्याने येऊन काढावेत. एका दुपारचे काम नाही. कुलूप बदललेले नाही. डोळ्याला पट्टी असल्याने मी घरीच असतो.

हा जबाब मला पट्टीमुळे दोनदा वाचून दाखवला. त्यात तीन ठिकाणी ‘आरोपी’ असे आले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून तिथे ‘भाऊ’ असे लिहिले आहे. बाकी मजकूर बरोबर आहे.