उपमुख्यमंत्र्यांचं जाकीट

चिखलीच्या एसटीत पुढच्या बाकावर विमलबाई आणि कौसर बोलत होत्या. मागे बसलेला नवा कृषी सहायक हर्षल गुपचूप ऐकत होता.

"बोंडअळी पाहाले उपमुख्यमंत्री आले, अन् जाकीट इसरून गेले. आमच्या घरच्यायनं ते बुजगावण्याले घातलं."

"अन् पंचनामा, विमलकाकू?"

"त्याच्यासाठीच तं म्या त्याच्या खिशात अर्ज टाकला."

"बुजगावण्याच्या?"

"जाकीट तं उपमुख्यमंत्र्याचंच होतं ना वो! दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जावर लाल शेरा: 'मला अधिकार नाहीत. मुख्यांकडे जा.'"

"या अल्ला! मुख्य कोन?"

"वावराच्या पल्याडच्या धुऱ्यावर, बांधावर, दुसरं कडब्याचं बुजगावणं उभं होतं. कोनीच नाही रोवलं माय ते. आमच्याकडं पाठ करून उभं हाय."

"मंग?"

"काल त्याच्या बाहीत अर्ज खोचला, तं आतून कोनीतरी ओढला."

हर्षलनं सकाळी टेबलावर सापडलेला आदेश पिशवीतून काढला. अर्जदाराच्या जागी विमलबाईंचंच नाव होतं. 'आजच पंचनामा करावा.' सहीच्या जागी कडब्याची ओली काडी चिकटली होती.

गाडी थांबली. हर्षल हलला नाही.

विमलबाईंनी मागे वळून पाहिलं.

"उतरा ना साहेब. मुख्य वाट पाहून राह्यले."