पाट्याखालचे बोंबील

चंपा : परत बाटलीच वाकडी केलीत? तेल चमच्यानं घ्यायचं म्हटलं ना. बाटलीनं ओतलं की अंदाज राहत नाही.

हरेश्वर : पडलं.

चंपा : काल भात करपला, परवा डाळ उतू गेली, आज तेल पडलं.

हरेश्वर : मला नाही जमत हे, चंपा. तूच कर.

चंपा : मीच करतेय की, तुम्हाला अटॅक आला तेव्हापासून. सकाळी नाचणीची पेज, दुपारी बिनतेलाची भाजी, रात्री अळणी डाळ. डॉक्टर म्हणाले, घरचं खायला घाला. घरचं म्हणजे फक्त माझ्याच हातचं, असं कुठं म्हणाले?

हरेश्वर : शेफालीला विचारूया का फोन करून?

चंपा : लेक ऑफिसात असेल आता. तिनं ओव्हन पाठवला, रोज व्हिडिओ पाठवते. आई, एकदम सोप्पं आहे, म्हणते. सोप्पं आहे तर तुम्ही शिका. आज संध्याकाळी मी परळच्या बाजारात मासळी घेऊन बसणार म्हणजे बसणार.

हरेश्वर : आजच?

चंपा : माझ्या जागेवर शांती रोज रिकामी टोपली मांडून ठेवते. जाऊ आहे माझी, म्हणून करतेय बिचारी. पण बाकीच्या बायका आता ऐकत नाहीत. आज नाही बसले तर जागा दुसरीला जाणार. तुमच्या आईनं स्वतः उठून मला बसवलं होतं तिथं.

हरेश्वर : बरं, सांग. बोंबलांना काय लावू?

चंपा : हळद, मसाला, आलं-लसूण आणि लिंबू भरपूर. आंबट चढलं की मिठाची आठवण होत नाही. मीठ चिमटीनं. वरून रवा, त्यावर ब्रशनं तेलाचा नुसता हात. ओव्हनात आपोआप कुरकुरीत होतात, मध्ये एकदा उलटायचे. तव्याशी उभं राहायला नको.

हरेश्वर : टाकलं मीठ.

चंपा : मूठ होती ती.

हरेश्वर : बघ. म्हटलं ना, मला नाही जमत.

चंपा : थांबा जरा. हे बोंबील साफ कोणी केले?

हरेश्वर : मीच. तू आंघोळीला गेलीस तेव्हा.

चंपा : मधला काटा अख्खा निघालाय. फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दाबलेत, पाण्याचा थेंब नाही. हे मी कुठं सांगितलं होतं?

हरेश्वर : ते असंच केलं.

चंपा : असंच? बोटीवर सगळ्या खलाशांचं जेवण कोण रांधायचं? शिवडीच्या धक्क्याला बोट लागली की दुसऱ्या बोटीची माणसं तुमच्या हातचा रस्सा मागायला यायची. घरात कधी चुलीपाशी आला नाहीत, म्हणून मीपण विसरले. तुम्ही हे सगळं मुद्दाम करताय.

हरेश्वर : हो.

चंपा : का पण?

हरेश्वर : तू गेलीस आणि परत दुखलं तर? तेव्हा तू घरात होतीस म्हणून वाचलो. हाक मारायला आवाजच फुटला नव्हता. मी पडलो, ते ऐकून तू धावलीस. दर्यात कधी घाबरलो नाही गं. या खोलीत घाबरतो.

चंपा : मग तसं बोलायचं ना. मला वाटलं, मलाच शिकवता येत नाही.

हरेश्वर : बोललो असतो तर तू गेलीच नसतीस.

चंपा : तशीही कुठं गेले? जीव गुदमरतो माझा इथं. तुमच्या ताटातलं मीठ बघता बघता तुमचाच राग यायला लागलाय मला. आजारी नवऱ्याचा राग. लाज वाटते माझी मलाच.

(चंपाचा फोन वाजतो. पडद्यावर शांतीचं नाव. चंपा हात पुढे करत नाही. हरेश्वर हात पुसून फोन उचलतो.)

हरेश्वर : शांती, मी बोलतोय. हो, ऐकू येतोय गलका. त्यांना सांग, टोपलीला हात लावू नका. निघाली ती.

चंपा : मी कुठं हो म्हटलं?

हरेश्वर : जा. हे धुऊन परत मसाला लावतो. चिमटीनं घालतो मीठ.

चंपा : आणि दुखलं तर?

हरेश्वर : गोळी खिशात आहे, शेजारी मनू आहे, पडलो तर ऐकू जाईल. तू फक्त जाताना दार लोटू नकोस.