मेज कुठं ठेवायचं?

…आणि वर आत्या मलाच विचारते, “जागा न्हाय म्हणतीस? मग चार माणसं आन् एक म्हैस काय झाडाव ऱ्हातेत व्हय गं?” झाडावर राहत असतो तर बरं झालं असतं हो! ज्यानं त्यानं एकेक फांदी धरली असती आणि गप बसला असता. आमचं घर अडीच खणांचं. पुढं पडवी, मधे माजघर, मागं अर्ध्या खणात चूल, आणि परसात म्हैस. आता यात मी मागितलं तरी काय? एक मेज टेकवायला जागा. तेही मेज माझं स्वतःचं, वीरभद्रमामांनी हैदराबादहून मोटारीच्या टपावर बांधून पाठवलेलं, कारण मी त्यांच्याकडे राहून इंटर पास झाले. लांबी दोन हात, रुंदी त्याहून कमी. तुम्हाला सांगते, दोन हात जागा मागितली होती मी, जहागीर नव्हे!

आणि कशासाठी मागितली? खेळायला नाही. उस्मानाबादचे एक वकीलसाहेब आहेत. कोर्टाचं सगळं उर्दूत, आणि पक्षकार शेतकरी, त्यांना अलिफ कुठला आणि बे कुठला कळत नाही. म्हणून उर्दू कागदांचं मराठी करून देणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. मामांनी माझं नाव सांगितलं. वकीलसाहेबांनी एक पुडकं पाठवलं, सोबत निरोप : ‘मराठी तीस पानं भरतील. दसऱ्याच्या सकाळी मुन्शी न्यायला येईल. डाग नको, खाडाखोड नको. जमलं तर काम कायमचं.’ अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो निरोप ऐकला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “कर. पर घरात बसून. उंबऱ्याभाईर पाय न्हाय. आन् जमलं न्हाय, तर माकणीच्या पाव्हण्याला होकार कळवतो.”

माकणीचे पाहुणे म्हणजे काय ते विचारू नका. मुलाला पासष्ट एकर आहे आणि तो बोलायला लागला की पासष्टच्या पासष्ट एकर पुन्हा नांगरतो. मला बघायला आला तेव्हा दोन तास बसला आणि दोन तास बैलांच्या दातांवर बोलला! ऐकता ऐकता माझेच दात दुखायला लागले.

म्हणजे घरात बसून करायचं, पण घरात बसायचं कुठं, हे कुणी सांगायचं?

पहिल्यांदा मेज ठेवलं पडवीत. उजेड छान, वारा छान. पण पडवी म्हणजे अप्पांची बैठक. अप्पा कळंबच्या बाजारात तोलार, धान्य तोलून देतात, आणि बाजार उठला की अर्धा बाजार आमच्या पडवीत येऊन बसतो. पानं चघळतो, पिचकाऱ्या मारतो… शी! एक पिचकारी माझ्या मेजाच्या पायावरून गेली, आणि मारणारा म्हणतो कसा, “पुसून घे बाळ, सुकली की निघत न्हाय.” बरं, नुसतं थुंकून थांबतील? मी उर्दू वाचते हे कळल्यावर प्रत्येकाच्या कमरेतून एकेक कागद निघायला लागला. “पोरी, हे जरा बघ गं. तहसिलीतनं आलंय.” बघते तर काय, मागच्या सालची नोटीस, मुदत संपून दहा महिने झालेले! “मुदत संपली, काका,” म्हटलं, तर ते माझ्यावरच डोळे वटारतात, “मग आदी का न्हाय वाचलीस?” चार दिवसांत माझ्या चारच ओळी लिहून झाल्या. आणि त्यात आत्याची रोजची भुणभुण : “रस्त्यानं जाणारा येणारा बघतो. कुणाच्या घरची पोर अशी मांडी मोडून उंच बसती?” कारण खुर्चीवर बसणं म्हणजे यांच्या लेखी पाप. जमिनीवर बसून कागदावर कुबड काढलं की पोर सालस.

मेज उचललं आणि माजघरात नेलं. तिथं एक खिडकी आहे, हो, एकच. खिडकीखाली कोण? आत्या! गजराबाई नाव, अप्पांहून मोठी, बारा वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी माहेरी आली ती आलीच. “इथं मी लिंगपूजा करते,” म्हणाली. म्हटलं, आत्या, तुमची पूजा सकाळी घटकाभर, नंतर बसते मी. “नंतर मी पडते.” मग दुपारी? “दुपारीच पडते.” मग संध्याकाळी? “संध्याकाळी उजेड कुठं आसतो?” घ्या! उजेड असेल तेव्हा आत्या असते आणि आत्या नसेल तेव्हा उजेड नसतो! आणि लढाईमुळं रॉकेल मिळत नाही, तेव्हा चिमणीचं तर नावच नको. तरी मी भांडून कोपऱ्यात मेज घुसवलं. तास उलटला नाही तोवर मेजावर लोणच्याची बरणी. “उंच हाय, मुंग्या लागत न्हाईत,” म्हणे. बरणीशेजारी पापडाचा डबा. डब्यावर आत्याचं ओलं लुगडं, वाळायला! आणि मी उभी, हातात टाक. दोन हात जागा मागितली होती मी, जहागीर नव्हे! पण यांनी तेवढ्यावरही आपले वहिवाटदार बसवले!

“अव्वा, तू तरी बोल की,” मी आईला म्हटलं. आई काय बोलणार? जगदेवी नाव, आणि तोंडात शब्द वर्षाला मोजून बारा. ती म्हणाली, “माझ्याजवळ ठेव. चुलीपाशी.” मायेनं म्हणाली हो, मी नाही म्हणत नाही. ठेवलं. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला कारळाची चटणी कुटणं चाललेलं, घाव पडला की मेज हले, मेज हललं की दौत हले, आणि माझा ‘वादी’ उडी मारून ‘प्रतिवादी’च्या ओळीत जाई. फोडणीचा एक थेंब उडाला. एकच. पण कुठं? पानाच्या बरोबर मधोमध! मोहरीसकट! हे पान वकिलाला द्यायचं? फाडलं. कागद किती महाग झालाय ठाऊक आहे ना? फाडताना माझं काळीज फाटलं आणि आई म्हणते, “पुसलं असतं की.”

मग राहिलं काय? परस. म्हशीशेजारी. हसू नका. इंटर पास झालेली मुलगी, हैदराबादला ज्या वर्गात बसून इतिहास शिकली तिथल्या बाकांना रोज तेलपाणी व्हायचं, ती आता गोठ्याच्या कुडाला मेज लावून शेणाच्या वासात बसली! माश्या… ई! एक डोळ्यावर, एक टाकाच्या टोकावर, एक थेट दौतीत, आणि तीच माशी शाई घेऊन बाहेर येते आणि माझ्या पानावर आपली स्वतःची सही करते! तेही सोसलं. पण मी घोटभर पाणी प्यायला उठले आणि म्हशीनं मान लांब करून सतरावं पान चाटलं. वरून खालपर्यंत. एकदाच, पण मनापासून. मी ओरडले तर आत्या धावत आली, आणि कुणाकडं गेली? म्हशीकडं! “शाई पोटात गेली का गं माझे बाई? दूध निळं यील!”

असं करता करता नवरात्र आलं. तोवर मी मेजाचा नाद सोडून उंबऱ्यावर, कणगीवर, जात्यावर, जिथं टेकता येईल तिथं पाट मांडीवर घेऊन पंचवीस पानं ओढली होती. मान मोडली, बोटं वाकडी झाली, पण पंचवीस स्वच्छ पानं झाली. राहिली पाच.

अष्टमीला वकीलसाहेबांचे मुन्शी, हैदरमियाँ, कळंबला दुसऱ्या कामानं आले होते, ते जाता जाता दारात थांबले. आणि भर गल्लीत, मोठ्यानं, अदबीनं म्हणाले, “नीलाबाईसाहेब आहेत का घरी?” बाईसाहेब! आमच्या गल्लीत आजवर बाईसाहेब एकच, तहसीलदारांची. हैदरमियाँ म्हणाले, “साहेब रोज विचारतात, बाईसाहेबांचं काम कुठवर आलं? परवा सकाळी मी हाजीर होतो.” ते गेले. अप्पांचा हात मिशीवर गेला तो तिथंच राहिला. आत्यानं म्हशीपुढं वैरण टाकली आणि म्हशीला हळूच म्हणाली, “बाईसाहेब म्हनला, ऐकलंस?”

दुसऱ्या दिवशी नवमी. मी सकाळी धुणं घेऊन विहिरीवर गेले, परत आले, आणि काय बघते! माजघराच्या मधोमध, खिडकीच्या उजेडात, माझं मेज! धुतलेलं, पुसलेलं. आत्याचं अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खरं सांगते. म्हटलं, जिंकले! बारा वर्षांची वहिवाट मोडली!

पुढं गेले. मेजावर अप्पांचा तराजू. तराजूशेजारी मणाची, शेराची वजनं. विळा, कोयता, कुऱ्हाड, म्हशीची साखळी. आणि मधे माझी दौत आणि माझा टाक, हळदीच्या दोऱ्यानं एकमेकांना बांधलेले. माझं लग्न जमेना तर निदान टाकाचं उरकलं! सगळ्यावर झेंडूची फुलं, आणि प्रत्येक वस्तूवर भस्माचे तीन तीन पट्टे. माझ्या पहिल्या स्वच्छ पानावरसुद्धा! वादीच्या नावावर पट्टे, प्रतिवादीच्या नावावर पट्टे, देवानं दोघांनाही सारखाच आशीर्वाद दिलेला!

खंडेनवमी हो! हत्यारांची पूजा. आणि पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी शिलंगणाहून परत येईपर्यंत हात लावायचा नाही. आणि शिलंगण संध्याकाळी. आणि मुन्शी येणार सकाळी!

मी टाकाकडं हात नेला. आत्या किंचाळली, “हात लावू नगंस!” मी म्हटलं, पाच पानं राहिलीत, आता सहा झाली, तुमच्या पट्ट्यांमुळं! उद्या सकाळी दिली नाहीत तर मला माकणीला बैलांचे दात मोजत बसावं लागेल! तेव्हा अप्पा उठले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मी दुप्पट रागावले असते. पण ते हळू आवाजात म्हणाले, “नीला, माझा तराजू मी उचलतो का आज? बाजार बंद ठिवतो. ते माझं हत्यार हाय. तसं हे तुझं हत्यार. पयल्यांदाच या घरात पोरीच्या हत्याराची पूजा झालीया.”

आयुष्यात पहिल्यांदा बापानं माझ्या टाकाला तराजूशेजारी जागा दिली, आणि ती नेमकी ज्या दिवशी मला टाक लागतो त्याच दिवशी! संताप आला, रडू आलं, दोन्ही एकदम आलं.

पुरणपोळ्या झाल्या. घर आडवं झालं. आत्याही पडली, भिंतीशी, खिडकी सोडून! मी परसात गेले. कुडापलीकडं शेजारच्या सकिनाबी भांडी घासत होत्या. त्यांचे यजमान महेबूबचाचा तहसिलीसमोर लोकांचे अर्ज लिहितात, उर्दूची पहिली ओळ मला त्यांनीच गिरवायला दिली. मी सगळं सांगितलं. त्या हसून हसून ओल्या हातानं डोळे पुसत म्हणाल्या, “अगं बाई, हत्यारं तुमची बांधून ठेवली ना? आमची तर खुल्ली हैत.” आणि कुडावरून एक टाक, एक दौत आणि चार जादा कागद. “चाचांना उद्यापर्यंत छुट्टी. लिख, बेटी.”

टाक आला. जागा? पडवीत अप्पा घोरताहेत. चुलीपाशी पुरणाच्या तपेल्या. परसात ती चाटणारी. उजेड फक्त माजघराच्या खिडकीत, आणि तिथं मेज, पुजलेलं, चारी पायांना झेंडूच्या माळा. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. वर हात लावायचा नाही, असं सांगितलंय. खालचं कुणी काही बोललेलं नाही!

शिरले. मांडी घातली, मान खाली, पाट मांडीवर. तुम्हाला सांगते, काय जागा! उजेड कागदावर. धूर नाही, माशी नाही, पिचकारी नाही. डोक्यावर मणाचं वजन आहे एवढं विसरायचं. एक पान झालं, तीन झाली… पाचव्याला आत्या जागी झाली. मांडी अवघडली म्हणून पसरलेली माझी पावलं बाहेर आलेली. ती वाकली, आत डोकावली. “काय करतीस गं आत?” मी म्हटलं, मेजाला हात लावलेला नाही, आत्या. तिनं बराच विचार केला. “टाक कुणाचा?” सकिनाबींचा. पुन्हा विचार केला. “मग ऱ्हाऊ दे,” म्हणाली, आणि माझी पावलं लुगड्यानं झाकून पुन्हा पडली.

सकाळी हैदरमियाँ आले. तीसच्या तीस पानं, डाग नाही, खाडाखोड नाही. त्यांनी पिशवीतून दुसरं पुडकं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. काम कायमचं! माकणीच्या पाहुण्यांना अप्पांनी स्वतः नकार कळवला, आणि हैदरमियाँना आत नेऊन छाती फुगवून मेज दाखवलं : “हितं बसून लिहिती आमची पोर.” हैदरमियाँनी तराजू बघितला, कोयता बघितला, म्हशीची साखळी बघितली, आणि फार अदबीनं विचारलं, “आणि कागद कुठं ठेवतात?” अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

संध्याकाळी शिलंगण झालं, सोनं वाटून झालं. मी म्हटलं, चला, आता उचला तराजू, उचला कुऱ्हाड, उद्यापासून मला मेज मोकळं हवं. दोन हात जागा मागितली होती मी, जहागीर नव्हे! तर आत्या पुढं आली, पदर खोचला, आणि काय म्हणाली, ऐका :

“खुळी हायस का गं? जिथं बसून एवढं यश आलं ती जागा सोडतीस? लाभली तुला ती. बस की तिथंच.” आणि आई, वर्षाला बारा शब्द बोलणारी माझी आई, तिनं त्यातले दोन खर्च केले : “खरंच, लाभली.” अप्पांनी मान डोलावली, आणि लोणच्याची बरणी मेजावर परत आली.

तेव्हा आता कुणी विचारलं, तर घरात मला जागा मिळालेली आहे. हक्काची, कायमची. फक्त उठताना डोकं सांभाळावं लागतं.