जाणाऱ्यानं जागा भरून जायची

एकोणीसशे अडुसष्ट साल, तवा मी चौदा वर्षांचा व्हतो. जन्म निमोण्याचा, घर मशिदीला लागून, शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीबी निम्मी वर्गाच्या बाहेर. त्या साली गावचा एक हवालदार पलटणीतनं पेन्शनीवर आला, त्याला आम्ही आप्पा म्हणायचो, आन् ट्रंकेबरोबर त्यानं एक काळी कातडी पिशवी आणली, तिला चहूकडनं नळ्या. म्हातारी माणसं म्हणली, आप्पानं मेलेलं करडू आणलं. आप्पानं ती बगलंत धरली, तोंडानं फुगवली, कोपरानं दाबली, आन् काय सांगू तुम्हाला, आधी गावातली कुत्री पळाली आन् मग माणसं गोळा झाली. पलटणीत त्याला बॅगपाईप म्हणत्यात, आम्ही पिशवीचा बाजा म्हणतो. खांद्यावरच्या नळ्यांचा सूर सारखा चालू ऱ्हातो, खालच्या नळीवर बोटं नाचवायची. आप्पानं आम्हा चौघा पोरांना धरलं, एकाला मोठा ढोल, एकाला ताशा, एकाला झांज, आन् मला म्हणला मुलाण्याच्या पोराचा दम मोठा दिसतोय, ये हिकडं. तवापास्नं ती पिशवी माझ्या बगलंत.

आप्पा गेला तवा बाजा माझ्या गळ्यात पडला. पिशवी जपणं सोपं हाय, कातड्याला आतनं गुळाचं पाणी फिरवायचं, हवा सुटत न्हाई. माणसं सुटत्यात त्यांना काय फिरवायचं, सांगा. ढोलवाल्याला दौंडला रेल्वेत चिकटवलं कुणीतरी, गडी न सांगता गेला, आन् दुसऱ्या दिवशी आमचं भांडगावला लग्न. ढोलाबिगर नवरदेव मारुतीला निघाला. नवरीचा मामा सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणला, मुलाणी, ह्यो बाजा हाय का कुणाचं पोट दुखतंय? माणसं हसली. मीबी हसलो, पण ते हसू आत जाऊन बसलं.

तवा मी नियम केला. जायचं तर जा, रेल्वेत जा, कंपनीत जा, सासुरवाडीला जा, पण जाणाऱ्यानं आपली जागा भरून जायची. माणूस आणायचा, त्यो आधी सगळ्यात मागं झांजेवर उभा ऱ्हाणार, तिथं ताल अंगात मुरला की तुम्ही त्याला तुमचं वाद्य शिकवायचं, आन् तयार झाला की वरातीत गावच्या वेशीपाशी आपल्या गळ्यातला पट्टा काढून त्याच्या गळ्यात घालायचा आन् मोकळ्या हातानं सगळ्यांच्या पुढं चालायचं. वेशीपातूर तुम्ही बाजातले, वेशीच्या पुढं पाव्हणे. लोक मला म्हणायचे, मामा लई हट्टी. व्हय, हाय. पण रांजणगावला कंपन्या आल्या, पोरं शिफ्टला लागली, आजूबाजूच्या गावातले बाजे मोडले, कुणी डीजे घेतला, कुणी बेंजो, आन् आमचा चालू ऱ्हायला. कुणी मेव्हणा आणला, कुणी भाचा, एकानं तर मशीनवरचा जोडीदार आणला, त्याला मराठी येत नव्हतं पण ताशा यायचा. आता ढोलावर पोपट हाय, झेंडूची शेती करतो, त्यो या जागेवरचा कितवा ते मलाबी आठवत न्हाई. मूळचा मी एकटाच ऱ्हायलो, आन् खरं सांगतो, त्याचा मला गर्व व्हता. सगळी जागा सोडणारी, मी न सोडणारा.

मग गेल्या साली पुन्हा भांडगावलाच, वरात वळणावर आली आन् माझा दम संपला. पिशवी बसली, सूर कण्हत कण्हत गेला. मी रस्त्याच्या कडंला बसलो, पोपटानं ढोल वाजवत वाजवत वरात पुढं नेली. डाक्टर म्हणला, बाबा, फुंकणं बंद. पोपट म्हणला, मामा, नियम सगळ्यांना हाय ना?

हाय की. मी कधी न्हाई म्हणलो? पण माणूस कुठनं आणू? माझा पोरगा सलीम टेम्पो चालवतो, म्हणला अब्बा, मला हॉर्न वाजवायला लावा, ह्ये नको. गावातली पोरं म्हणली मामा, बेंजो असल तर सांगा. आन् पिशवी गेली की मागं उरतो नुसता ढोल-ताशा, त्यो तर गल्लोगल्ली हाय, मग आमचा बाजा म्हंजी काय?

कारेगावला एका वरातीत मी कसंबसं वाजवत व्हतो, तर मेसमधनं एक आचारी पिठाच्या हातानं बाहेर आला आन् उभा ऱ्हायला. वरात थांबली तसा म्हणला, चाचा, ये तो हमारे गाँव का बाजा है. मी म्हणलं, तुझ्या गावचा कसा रं? ह्यो निमोण्याचा हाय. त्यो म्हणला हमारे पहाड में हर शादी में बजता है. गढवाल का काय त्यो त्याचा मुलूख, नाव बिरेन. आम्ही तिथंच भांडलो, बाजा कुणाचा म्हणून, आन् पोपट मधी पडून म्हणला, मामा, भांडणाचं ऱ्हाऊ द्या, त्याची बोटं बघा.

नळी त्याच्या हातात दिली, बोटं चांगली व्हती. मी म्हणलं, आधी झांज. सहा-सात महिने तीस-पस्तिशीतला गडी पोरासारखा सगळ्यात मागं झांज वाजवत आला, शिफ्टचे डबे भरून झाले की माझ्याकडं, जादाची दुसरी पिशवी घेऊन शिकायला. नवरी मांडवात आणायची चाल, जत्रेतल्या छबिन्याची चाल, उरुसातल्या संदलची चाल, सगळं उचललं. पण चालीच्या शेवटी त्यो एक गिरकी घ्यायचा, डोंगरावरनं पाणी उतरावं तशी. मी म्हणायचो, ही आपली न्हाई, काढ ती. काढायचा, आन् परत यायची. मी म्हणायचो, अजून न्हाई. दर खेपंला तेच, अजून न्हाई.

एक दिवस पोपट शेतात झेंडू तोडत व्हता, मी बांधावर बसलेलो. त्यानं मान वर न करता इचारलं, मामा, तुम्ही त्याला शिकवताय का अडवताय? मी म्हणलं, तू फुलं तोड. त्यो म्हणला, बिरेनला चाकणच्या मेसवाल्यानं बोलावलंय, इथं बाजात जागा मिळाली तर ऱ्हाणार, न्हाईतर ह्या महिन्यात जातोय, आन् त्याला नियम लागू न्हाई, तुम्ही त्याला बसवलाच कुठं? मी अडवत व्हतो असं पोपट अजून म्हणतो. मी म्हणत न्हाई. पण त्या दिशी घरी आलो, पिशवीला गुळाचं पाणी फिरवलं आन् लई वेळ ती मांडीवर घेऊन बसलो.

त्याच आठवड्यात निमोण्यातच लग्न व्हतं. वेशीपाशी वरात आली, मी हात वर केला. ढोल थांबला. आप्पाची पिशवी बगलंतनं काढली आन् बिरेनच्या बगलंत दिली. त्यो पाया पडाय वाकला, मी म्हणलं, वाकू नको, हवा सुटंल. मग मोकळ्या हातानं सगळ्यांच्या पुढं चाललो. तुम्हाला सांगतो, डावा हात माझा अंगाला लागंना, कोपर तसंच बाहेर, पिशवी हाय असंच धरून. मागनं नवरीची चाल सुरू झाली, सगळी बरोबर, आन् शेवटी त्यानं ती गिरकी घेतलीच. मी मागं वळून बघितलं न्हाई. बाया मात्र माड्यांवरनं वाकून बघत व्हत्या.

रात्री झोप लागली, ते एक बरं झालं. सकाळी उठलो, नमाज झाली, चहा घेतला, आन् पोपटाच्या दारात गेलो. त्यो दात घासत व्हता. मी म्हणलं, बिरेन पुढं गेला, झांजेची जागा रिकामी हाय ना? त्यानं माझ्याकडं बघितलं, चूळ भरली, आत गेला आन् झांज आणून माझ्या हातात दिली. म्हणला, आधी हात बघू. मी त्याच्या अंगणात उभा ऱ्हाऊन वाजवली, कोंबड्या गोठ्यात पळाल्या, त्याची बायको पदर तोंडाला लावून हसाय लागली. पोपटानं शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणला, मामा, अजून न्हाई.

मी म्हणलं, बरं. आन् पहिल्यापास्नं सुरू केलं.